इंदूरचा उन्हाळा आणि घरातला ग्रो टेन्ट : टोमॅटो छताला टेकला, आत ३९ डिग्री, काय करू?

मेधा_अन्नपूर्णा | १४ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचा फ्लॅट अन्नपूर्णा रोडच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी उत्तरेला आणि समोर चार मजली बिल्डिंग, म्हणजे ऊन नाहीच. आई रामबागेतल्या जुन्या घरी असताना परसात टोमॅटो, मिरच्या, वांगी सगळं लावायची, आता गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नाही आणि दिवसभर खिडकीपाशी बसून असते. म्हणून जानेवारीत मी मागच्या खोलीत टेन्ट बसवला, म्हणजे आत लाइट लावून झाडं वाढवायचा बंद कापडी तंबू. ८० बाय ८० सेंटिमीटर, उंची १६०, १०० वॉटचा पांढरा एलईडी पॅनल, हवा बाहेर फेकायला चार इंची एक्झॉस्ट पंखा. फेब्रुवारीत नर्सरीतून टोमॅटोची दोन साधी हायब्रिड रोपं आणली, ज्वाला मिरचीची तीन.

मार्चपर्यंत सगळं छान होतं. आई रोज सकाळी चहा घेऊन टेन्टची चेन उघडून बसायची. आता दुपारी खोलीत ३४ आणि टेन्टमध्ये ३९ होतंय. टोमॅटोची पानं कडेने वर वळून पन्हळीसारखी झालीत. फूल उमलतं, दुसऱ्या दिवशी देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळं पडतं, आणि आईने नुसतं बोट लावलं की त्या गाठीपासून सुटून तिच्या हातात येतं. काल तिने अशी अकरा फुलं वाटीत जमवून ठेवली होती, बोलली काहीच नाही.

वरची पानं गरम लागत होती म्हणून मी लाइट वर घेतला, तर झाडं अजून वर गेली. परत लाइट वर घेतला, परत झाडं वर. आता लाइट छताला लागलाय आणि शेंडे लाइटला. लाइट सध्या सकाळी ६ ते रात्री ८. काय चुकतंय?

ग्वाल्हेरकर | १४ एप्रिल, रात्री ११:४२

ताई सरळ एसी लावा हो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, एसीशिवाय माणसं राहत नाहीत तर टोमॅटो कसा राहील. आणि झाड उंच झालं तर शेंडा खुडून टाका, हाय काय नाय काय.

माळवी_माळी | १५ एप्रिल, सकाळी ६:२०

मेधाताई, तुमची पोस्ट सकाळी फिरायला जायच्या आधी वाचली आणि फिरणं राहिलंच. मी इथल्या कृषी महाविद्यालयात शिकलो, ज्या आवारात १९२४ पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी काम करून कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली तिथे. नंतर सगळं आयुष्य भाजीपाल्यात गेलं. टेन्ट मी मुलाकडे पाहिलाय, स्वतः लावला नाही, पण झाड तेच आहे.

तुम्ही ज्याला दोन तक्रारी समजताय ती एकच आहे. पान तापलं म्हणून दिवा वर नेला, दिवा लांब गेला म्हणून पानावर उजेड कमी पडला, उजेड कमी पडला की टोमॅटो पेरं लांबवतो आणि उजेडाकडे धावतो, धावत दिव्यापर्यंत पोचला की परत तापतो. दिवा वर नेणं हा उष्णतेवरचा उपाय नाहीच. उष्णता दुसऱ्या वाटेने काढायची, दिवा झाडापासून एका ठरलेल्या अंतरावरच ठेवायचा.

आता फुलगळ. टोमॅटोला दिवसा २१ ते २७ सुखाचं. दिवसा ३२ ते ३५ च्या वर आणि रात्री २४ च्या वर राहायला लागलं की परागकण नीट तयार होत नाहीत, फूल फळत नाही, आणि न फळलेलं फूल झाड त्या गाठीतून सोडून देतं. तुमच्या आईंच्या वाटीतली फुलं तीच. यात त्यांच्या बोटाचा काही दोष नाही, त्यांना एवढं जरूर सांगा.

पानं वर वळली आहेत ती झाड पाणी वाचवतंय म्हणून. चुरडा-मुरडा रोग असेल तर नवीन शेंडा बारीक, पिवळसर आणि सुरकुतलेला येतो. तसं दिसतंय का ते बघून सांगा.

मेधा_अन्नपूर्णा | १५ एप्रिल, सकाळी ८:०५

नाही काका, शेंडा हिरवागार आणि टवटवीत आहे, फक्त मधली पानं वळलीत. आईला वाचून दाखवलं. तिने वाटी उचलून तुळशीत रिकामी केली.

महाराणीरोड_वायरमन | १५ एप्रिल, दुपारी १:३०

ताई मी लाइन वाला माणूस, झाडातलं कळत नाही पण गर्मीचा हिशोब सांगतो.

लाइट १०० वॉट खातो ना, तर ते १०० वॉट शेवटी गर्मी होऊनच निघतात, एलईडी असो की बल्ब. एलईडीत फरक इतकाच की तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो. मग ती गर्मी हवेसोबत बाहेर फेकावी लागते. १०० वॉटला तासाला साधारण १५० घनमीटर हवा बदलली तर आतबाहेर दोन डिग्रीचा फरक राहतो, ६० घनमीटर बदलली तर पाच डिग्रीचा. तुमचा फरक पाच आहे म्हणजे पंखा पूर्ण हवा ओढतच नाहीये. चार इंची पंखा मोकळा धरला तर पावणेदोनशे दोनशे आरामात ओढतो, म्हणजे कुठेतरी अडतंय, डक्ट, म्हणजे हवेची नळी, दाबलाय किंवा हवा आत घेणाऱ्या खालच्या जाळ्या बंद आहेत, बघून घ्या. डक्ट जितका सरळ आणि छोटा तितकं बरं, प्रत्येक वळणाला हवा मरते.

दुसरं, पॅनलच्या मागे जो डबा असतो, ड्रायव्हर, तो काढून टेन्टच्या बाहेर टांगा. शंभरातले सात-आठ वॉट तोच गर्मी करतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, पंखा कितीही मोठा लावला तरी आतलं तापमान खोलीपेक्षा खाली जाणार नाही. खोलीत ३४ तर आत ३४ च्या वरच. मोठा पंखा विकणारा हे सांगत नाही.

आणि कूलर, पाणी, लाइट सगळं एका खोलीत येतंय तर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावल्याशिवाय काही चालू करू नका. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टेन्टला आई हात लावतात म्हणून आवर्जून सांगतोय.

मेधा_अन्नपूर्णा | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

दादा, खालच्या दोन्ही जाळ्या मीच बंद केल्या होत्या, उजेड बाहेर येतो म्हणून! एक उघडली, डक्ट सरळ केला, ड्रायव्हर बाहेर काढला. आता फरक अडीच डिग्री. आरसीसीबी रविवारी लावून घेते.

रोपवाटिका_वेडा | १६ एप्रिल, रात्री १२:२०

सध्या लाइट सकाळी ६ ते रात्री ८ म्हणजे इंदूरच्या सगळ्यात तापलेल्या वेळी तुम्ही अजून १०० वॉटची शेगडी पेटवताय. उलटं करा. संध्याकाळी ७ ला लाइट चालू, सकाळी ९ ला बंद. टोमॅटोला बाहेर रात्र आहे की दिवस काय माहीत, त्याला तुमचा टायमर म्हणजेच सूर्य. चौदा तास तेवढेच राहतात. माळव्याच्या रात्रीचं जे कौतुक करतात ते उगाच नाही, एप्रिलमध्ये पहाटे चारला खिडकी उघडा आणि बघा काय हवा येते.

उंचीचंही यातूनच सुटेल. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात यावर बरंच काम झालं. झाडाचा दिवस गरम आणि रात्र थंड असेल तर पेरं लांब होतात, दिवस थंड आणि रात्र गरम केली तर पेरं आखूड. हरितगृहवाले औषध न मारता रोपं बुटकी ठेवायला हे वापरतात. तुमचा लाइट रात्री लागला की झाडाचा दिवस थंड आणि झाडाची रात्र, म्हणजे आपली दुपार, गरम. इंदूरचा उन्हाळा फुकटात तेच करून देतोय.

माळवी_माळी | १६ एप्रिल, सकाळी ६:४५

उंचीपुरतं हे शंभर टक्के बरोबर. पण फळाच्या बाबतीत मेधाताईंना खोटी आशा नको. फुलाला अंधारातली गरमीच जास्त बाधते. यांची झाडं दुपारी अंधारात ३४-३६ मध्ये उभी राहणार, तेव्हा फुलगळ थांबणार नाही. पानं सुधारतील, उंची आटोक्यात येईल, फळ नाही.

रोपवाटिका_वेडा | १६ एप्रिल, सकाळी ९:३०

काका मान्य, हे मी लिहायला हवं होतं. अंधाराच्या दहा तासांत खोली थंड ठेवायची सोय केली तरच फळाची गोष्ट.

ग्वाल्हेरकर | १६ एप्रिल, सकाळी ९:५५

म्हणूनच म्हणतोय एसी!!

महाराणीरोड_वायरमन | १६ एप्रिल, दुपारी २:१०

एसी लावा पण मग एक्झॉस्ट खिडकीबाहेर सोडू नका. तासाला दीडशे घनमीटर थंड हवा बाहेर फेकाल तर तेवढीच गरम हवा दाराखिडकीच्या फटीतून आत येणार, बिल वाढणार आणि खोली थंड होणार नाही. एसीत एक्झॉस्ट खोलीतच सोडायचा. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॉट गर्मी ओढतो, तुमचे शंभर वॉट त्याला चिल्लर आहेत.

आमच्या इकडे पाऊस लागेपर्यंत कूलर बेस्ट. कूलर लावला तर उलटं, खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट बाहेर, नाहीतर खोलीत दमट होईल.

सई_बडोदा | १६ एप्रिल, दुपारी ३:२५

कूलरबद्दल एक. आमच्याकडे वडोदऱ्याला मे संपता संपता हवेत ओलावा यायला लागतो आणि कूलर नुसती दमट हवा फेकतो. इंदूरला एप्रिल-मे कोरडा आहे म्हणून तुम्हाला जमेल. ४२ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं तापमान २२ च्या आसपास उतरतं, चांगला कूलर २६-२७ पर्यंत हवा देऊ शकतो. टोमॅटोला तो ओलावाही हवाच आहे. इतक्या कोरड्या हवेत पानातून पाणी मुळांच्या ताकदीपेक्षा भराभर उडतं, त्याने फळाची बुडं काळी पडतात, आणि लाल कोळी ही बारीक कीड येते. पानं उलटी करून भिंगाने बघा, मिठाच्या कणाएवढे ठिपके हलताना दिसले की लगेच पानाखालून पाण्याचा फवारा.

कुंड्या काळ्या ग्रोबॅग आहेत का? असतील तर मातीत थर्मामीटर खुपसून बघा. मी वर्षभर हवेचंच तापमान बघत बसले होते आणि मुळं शिजत होती. मातीच्या कुंडीत लावलं तर कुंडी पाझरते, माठासारखी गार राहते.

निनावी_रोपटं | १७ एप्रिल, रात्री १०:४०

मी टेन्टबद्दल परदेशी व्हिडिओ पाहिले. ते सगळे म्हणतात उंची थांबवायची तर लाइट १२ तास चालू १२ तास बंद करा म्हणजे फुलावर येतं. टोमॅटोला तसंच करायचं का?

रोपवाटिका_वेडा | १७ एप्रिल, रात्री ११:१५

नाही. टेन्टमधल्या शेतीचं बरंचसं बाहेरचं ज्ञान गांजा लावणाऱ्यांकडून आलेलं आहे. कॅनडात २०१८ पासून तो कायदेशीर आहे, त्यामुळे तिथले लोक उघड लिहितात. आपल्याकडे अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, परवान्याशिवाय लागवड हा सरळ गुन्हा, तो विषय इथे नको. पण गोंधळ कुठे होतो ते सांगतो. ते झाड रात्र लांब झाली की फुलावर येतं, आणि फुलावर येताना उंच झेपावतं, म्हणून त्यांची सगळी धडपड उंचीची. टोमॅटो आणि मिरचीला दिवसाच्या लांबीशी घेणंदेणं नाही, वय आणि तापमान बघून फुलतात. १२ तास केलेत तर नुसता उजेड कमी पडेल. उलट चोवीस तासही ठेवू नका, टोमॅटोची पानं सततच्या उजेडात पिवळी ठिपकेदार होतात, सहा-आठ तास अंधार हवाच.

त्यांच्याकडून घेण्यासारखं म्हणजे शेंडा खुडणं, फांद्या आडव्या बांधणं, झाडांवर दोरीची जाळी ताणून फांद्या खालून पसरवणं. मिरचीला हे फार मानवतं. आणि छोटा पंखा पानांवर हलका फिरता ठेवा. झाड हललं की खोड जाड आणि आखूड होतं. वनस्पतिशास्त्रात याला १९७३ मध्ये नाव मिळालं, थिग्मोमॉर्फोजेनेसिस. रोज रोपांवरून दहा-वीस वेळा तळहात फिरवला तरी तेच होतं.

मेधा_अन्नपूर्णा | १८ एप्रिल, सकाळी १०:००

आई म्हणते रामबागेत ती रोज संध्याकाळी रोपांवरून हात फिरवायची, तिची आजी फिरवायची म्हणून. कारण आज कळलं.

मग आता माझ्या दोन टोमॅटोचं काय करू? शेंडा खुडला तर बगलेतून चार नवे फुटवे येतात, जागा नाही.

शेतकरीपुत्र_देवास | १८ एप्रिल, सकाळी ११:२०

आंब्याला वाढ रोखायला कल्टार देतात, पॅक्लोब्युट्राझॉल, थोडंसं मुळाशी घाला, वाढ थांबेल.

माळवी_माळी | १८ एप्रिल, दुपारी १२:०५

नको नको. ते हापूसच्या कलमांना, मोजून, वर्षातून एकदा द्यायचं औषध आहे आणि मातीत फार दिवस टिकतं. घरातल्या बादलीएवढ्या कुंडीत, जी भाजी दोन महिन्यांत पोटात जाणार तिला कधीच नाही. भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे पण हे लिहिलेलं वाचून कोणी करून बसेल.

मेधाताई, माझं ऐकाल तर ही दोन झाडं सोडून द्या. वाईट वाटेल. पण तुमची जात न थांबणारी आहे, शेतात तारेवर चढवतात ती सहा-सात फूट सहज जाते, तिला दीड मीटरच्या टेन्टमध्ये ठेवायचं म्हणजे रोज भांडण. वरचे वीतभर शेंडे कापून पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं येतात, ते कॉलनीत ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना द्या. आणि आत बुटकी जात लावा. मायक्रो टॉम म्हणून आहे, फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये दिली, पूर्ण वाढून वीतभरच. प्रयोगशाळेत संशोधनाला वापरतात. चव बेताची, पण झाड डोळ्यांसमोर फुलतं-फळतं. आता पेराल तर फुलावर येईल तेव्हा जून उजाडलेला असेल.

मिरच्या ठेवा. ज्वाला मुळात झुडूप, पहिल्या दुबेळक्यातली कळी खुडा आणि आडवी बांधा.

आणि फळाचा हंगाम म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पेरा. हिवाळ्यात तुमचे हेच १०० वॉट टेन्टला ऊब देतील. मे महिन्यात इंदूरला टोमॅटोकडून फळ मागणं हा झाडावर अन्याय आहे.

मेधा_अन्नपूर्णा | १ मे, रात्री ९:३०

शेंडे कापले. कात्री माझ्या हातात होती पण कुठे कापायचं ते आई दाखवत होती. पहिल्या दोन दिवसांत काचेच्या ग्लासात शेंडे अगदी मान टाकून पडले, मला वाटलं गेले. तिसऱ्या दिवशी उभे राहिले. सहाव्या दिवशी पाण्याखालच्या खोडावर पांढरे पुरळ उठल्यासारखे बारीक उंचवटे आले, आणि नवव्या दिवशी त्या प्रत्येकातून बोटाच्या पेराएवढं मूळ. आई ग्लास उजेडाकडे धरून किती वेळ बघत होती. चार शेंडे खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिले, त्यांच्याकडे मागे मातीचा तुकडा आहे.

मायक्रो टॉमचं बी मिळालं, २५ एप्रिलला सहा पेरलं, पाच उगवलं. मातीच्या छोट्या कुंड्यांत. लाइट संध्याकाळी ७ ते सकाळी ९. पॅनल रोपांपासून ३५ सेंटिमीटरवर, हलवत नाही.

मेधा_अन्नपूर्णा | २८ मे, सकाळी ९:१५

नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांतली, खबर. बाहेर काल ४१ होतं. दुपारी कूलर चालू, खिडकी अर्धी उघडी, एक्झॉस्ट बाहेर. खोलीत २९, टेन्टमध्ये अंधारात २९-३०, आर्द्रता ५५. रात्री लाइट चालू असताना पहाटे २८ पर्यंत उतरतं. मिरचीची पेरं मोजली, मार्चमधली सात सेंटिमीटरची आहेत, मे मधली चारची. मिरचीला फुलं आहेत, गळतात, पण सगळी नाही. लाल कोळी एका पानावर दिसला, सईताईंनी सांगितलं तसं फवारा मारला, परत आला नाही.

सई_बडोदा | २८ मे, दुपारी ४:००

वा! आता पाऊस लागला की कूलरचं पाणी बंद करा, नुसता पंखा. तेव्हा शत्रू बदलतो, उष्णतेऐवजी ओलावा. टोमॅटोचे परागकण दमट हवेत चिकटून बसतात, झडत नाहीत. एक बॅटरीवाला टूथब्रश वेगळा ठेवा आणि घोसाच्या देठाला मागून दोन सेकंद लावा, लाइट लागून तीन-चार तास झाल्यावर. आणि खालची पानं मातीला टेकू देऊ नका, करपा तिथूनच चढतो.

मेधा_अन्नपूर्णा | २ जुलै, रात्री ११:२५

पाऊस लागलाय, खोलीत २७. टूथब्रशचं काम आईने घेतलंय. रात्री अकराला, जेव्हा तिला तसंही झोप लागत नाही, ती स्टुलावर बसून प्रत्येक घोसाला ब्रश लावते. आज टेन्टच्या उजेडात पिवळी धूळ उडालेली दिसली, अगदी चिमूटभर, धूप जाळल्यावर किरणात दिसते तशी. पाच झाडांवर मिळून चौदा फळं धरलीत, सगळ्यात मोठं वाटाण्याएवढं. सगळ्यात उंच झाड १८ सेंटिमीटर.

माळवी_माळी | ३ जुलै, सकाळी ६:१०

आता नायट्रोजनवालं खत कमी करा, नाहीतर पानंच पानं होतील. गांडूळखत महिन्यातून मूठभर पुरे. आईंना माझा नमस्कार सांगा.

मेधा_अन्नपूर्णा | ६ ऑगस्ट, रात्री ८:४०

आज तीन लाल झाले. बोराएवढे आहेत. काका म्हणाले तशी चव खरंच बेताची, साल जाड, पण आईने तिन्ही चिरून दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली, वाटीच्या तळाला जेमतेम लागेल एवढी, आणि खालच्या काकूंना अर्धी पाठवली. काकूंकडचे चारातले तीन शेंडे जगलेत, त्यांना फुलं आलीत.

रात्री उशिरापर्यंत आई विचारत होती की ऑगस्टमध्ये काय पेरायचं. काका, हिवाळ्यासाठी टेन्टमध्ये बसेल अशी, चवीला बरी, आणि तीन फुटांच्या वर न जाणारी जात कुठली? आईला आंबट टोमॅटो हवाय, सारासाठी.